टेकू

मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत, रबराच्या कारखान्यामागे
एक खोली आहे, तिथे मे महिन्यातही पंखा लावत नाहीत.
काट्यावरची वाळू उडते.
तिथे मी, मृदुला चिटणीस, सत्तावीस वर्षं
दाणे पाखडते आहे.

वीस नंबरच्या चाळणीतून खाली पडतील
आणि चाळीसवर अडकतील, तेवढेच आमचे.
जाड रव्याएवढे.
पोत्यावर लिहिलेलं असतं प्रॉपंट.
दिनेशभाई परमार टेको म्हणतो, मी टेकू.

पादऱ्यापलीकडे, कपाशीच्या शेतांखाली दोन किलोमीटर,
पाण्याच्या दाबानं खडकाला तडा देतात.
दाब सोडला की तडा मिटायला बघतो,
त्यानं तसं का करू नये?
वरून अख्खा तालुका बसलेला असतो.
म्हणून पाण्याबरोबर हे दाणे आत धाडायचे.
पाणी परत येतं. दाण्यांनी यायचं नसतं.
त्यांच्या मधल्या मोकळ्या जागेतून
तेल चालत येतं, मुंगीच्या चालीनं.

माझं काम त्यांना आधी इथे चिरडून बघायचं.
पोलादी डब्यात दाणे सपाट करते,
काटा पाच हजारावर नेते, दोन मिनिटं थांबते.
कान दिला तर ऐकू येतं: साबुदाणा तडतडावा तसं, फार लांबून.
मग भुगा तोलायचा. शंभरात दहाच्या वर गेला की पोती परत.
महीची वाळू दिसायला देखणी, पण तिला कोपरे आहेत;
सगळा भार कोपऱ्यावर येतो नि ती जाते.
भट्टीत भाजलेली गोळी भार शेजारणीला वाटून देते.
दिनेशभाई म्हणाला, बेन, आ तो माणस जेवुं ज छे.
मी म्हटलं, माणसं राहू देत, चाळणी धू.

एका दिवाळीत नापास गोळ्या घरी नेल्या होत्या,
रावपुऱ्यातल्या दारात भाचीनं त्यांची रांगोळी घातली.
कमळ पुरं होईपर्यंत पाकळ्या
पायरीवरून घरंगळून गटारापाशी.
डोक्यावर वजन नसलं
की गोल दाण्याला एका जागी थांबणं जमत नाही,
हे मला कुठल्याच चाचणीनं सांगितलं नव्हतं.

आणि परवा बरणी आली. तीन वर्षांपूर्वीची विहीर,
आता घागरभरही देत नाही.
तळाशी वर आलेले दाणे, तेलानं काळे.
बॅचच्या कागदावर माझीच सही.
रॉकेलनं धुतले, भिंगाखाली धरले एकेक.
फुटलेला एकही नाही.
काहींच्या अंगाला मात्र राखाडी माती,
लाटलेल्या कणकेत चणा दाबावा तशी, घट्ट.

म्हणजे दाणे टिकले,
खडकच त्यांना पोटात घेऊन मिटला.
माझ्या यंत्राच्या दोन्ही चकत्या पोलादाच्या आहेत.
खाली पोलाद आहे असं
मला कधी कुणी सांगितलं नव्हतं,
आणि मीही कधी विचारलं नाही.

त्रिवेदीसाहेबांना 'दाणे निकृष्ट' हवं होतं,
पुरवठादाराचं बिल अडवता येतं.
मी लिहिलं: दाणे शाबूत, खडक मऊ.
फोनवर बराच वेळ नुसता त्यांच्या एसीचा आवाज.
मग म्हणाले, मऊ हा काही रिपोर्टातला शब्द नाही, चिटणीस.
आकडा द्या.
आकडा नव्हता माझ्याकडे.
मऊ तसाच ठेवला, खाली सही केली.

साडेसहाला स्कूटर काढली.
विश्वामित्रीच्या पुलावर लोक मगर बघायला थांबलेले.
चपलेत एक दाणा आला होता.
टोचत नव्हता, गोल होता.
पण आहे, हे घरापर्यंत कळत राहिलं.